सुर्ल्याच्या सड्यावरून विचारणा

शाळेत रेंज नाही, म्हणून सातवीचा वर्ग सड्यावर आणला.
पाच मुली, दोन मुलगे, हजेरीत नसलेला एक कुत्रा,
आणि माझा लॅपटॉप, ज्याची बॅटरी
तीस टक्क्यांवरून थेट मरते.
फोनने कर्नाटकातला टॉवर धरला.
धरू दे.

मी पत्ता लिहिते. पत्त्याच्या मध्येच प्रश्नचिन्ह येतं
आणि त्याच्यापुढे आपल्याला काय हवं ते.
पत्रात असं कोणी लिहीत नाही,
आधी खुशाली विचारतात.
कुठल्याशा गार खोलीतलं यंत्र खुशालीशिवायच
जगातल्या ज्वालामुखींची वही उघडतं,
आणि ओळी उतरू लागतात:
नाव, देश, अक्षांश, रेखांश,
कधी सुरू झाला, कधी थांबला,
जोर किती, शून्य ते आठ.

उणे चार हजार पन्नास. अधिक-उणे पंचाहत्तर.
"म्हणजे?"
म्हणजे त्यांना नक्की ठाऊक नाही,
आणि किती ठाऊक नाही ते ठाऊक आहे.
माझ्या आईच्या दाखल्यावर एक जून आहे, ठासून,
शिक्क्यासकट.
ती जन्मली तेव्हा नाचणी कापून झाली होती.
अधिक-उणेचा रकाना असता
तर मामलेदाराच्या कचेरीत तिला खोटं बोलावं लागलं नसतं.

काही ओळींत थांबल्याची तारीख कोरी.
"भरायला विसरले," प्रेमानंद म्हणतो.
नाही रे, ते अजून चालू आहेत.
तो मागे वळून दरीकडे बघतो.
दरीत नेहमीचंच धुकं.

मग आपला देश. खाली अंदमानाकडे
बॅरन बेट, मागोमाग नारकोंडम.
बस्स? बस्स.
एवढ्या मोठ्या देशाला एवढंच, म्हणून वर्ग थोडा हिरमुसतो,
क्रिकेटात हरल्यासारखा.

"बाई, आमचा गाव घाल बघू."
भागू झोरे. गवळ्यांची. बाकाच्या टोकाला बसणारी,
सड्यावर बाक नाही तरी टोकालाच बसलेली.
घालते. पंधरा पूर्णांक सहासष्ट, चौऱ्याहत्तर पूर्णांक सतरा,
भोवताली दोनशे किलोमीटर.
यंत्र क्षणभरही घेत नाही.
दोन चौकोनी कंस येतात.
मध्ये काही नाही.

मला सांगायचं होतं, तयारी करून आले होते:
ही वही बाराएक हजार वर्षांमागे जात नाही.
तुम्ही बसलात त्या तांबड्याच्या खाली काळा दगड आहे,
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो पातळ होता,
थरावर थर वाहत वाहत आला
आणि इथं, आपल्या घाटाच्या तोंडाशी दमला.
खाली वाळपईला दुसरा दगड, दुसरी हकीकत.
दगडाचं म्हणणं वेगळं आणि वहीचं वेगळं,
तरी खोटं कोणीच नाही.
एवढं सगळं तोंडाशी होतं.

भागू पडद्याला नाक लावून म्हणाली,
"रिकामं कुठाय? गोठा आहे हा.
ही एक भिंत, ही एक भिंत.
गुरं चरायला गेलीत."

कोणी हसलं नाही.
बॅटरी मेली, एकतीसवरच, आजचा विक्रम.
काळ्या पडद्यात सात चेहरे, आभाळ, आणि मी,
केस विस्कटलेली.

उतरताना ओहोळाशी जांभा संपतो आणि काळा उघडा पडतो.
त्याला भोकं आहेत, मसुराएवढी, काही वाटाण्याएवढी.
भागूने करंगळी घालून पाहिली.
"यात काय होतं?"
वाफ.
"मग कधी गेली?"
मी म्हटलं, साडेसहा कोटी, अधिक-उणे...
आणि पुढचा आकडा मला आठवेना.

"सकाळी," ती म्हणाली,
आणि बोट काढून फ्रॉकला पुसलं.